हिशेबनिसाने घडविलेल्या छोट्या मोटारी

मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करणे, तिचे सुटे भाग जुळविणे, तिला मूळ गाडीचा रंग देणे आणि ती काचेच्या कपाटात मांडून ठेवणे, हा छंद आज जगभर पसरला आहे. पुण्या-मुंबईतील घरांतही असे कपाट आता नवलाचे राहिलेले नाही. या छंदाला वयाची अट नाही. उलट पन्नाशी ओलांडलेले, नोकरीधंद्यात स्थिरावलेले लोकच त्यात अधिक रमलेले दिसतात. त्यांच्या बोलण्यात १:४३ हा आकडा वारंवार येतो. मूळ मोटारीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे चार इंच लांबीची ही प्रतिकृती तळहातावर सहज मावते. पण त्रेचाळीसच का? चाळीस किंवा पन्नास असा सोपा आकडा का नाही? या प्रश्नाचा माग काढीत गेले की वाट इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात, मांसाची आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कचेरीत बसून खतावण्या लिहिणाऱ्या हिशेबनिसापाशी जाऊन पोहोचते. फ्रँक हॉर्नबी हे त्याचे नाव. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नव्हते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या हातून नाव घेण्याजोगे काही घडलेही नव्हते.

फसलेल्या प्रयोगांची वर्षे

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील जॉन हॉर्नबी हे किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते, तर आई मार्था यांना संगीताची जाण होती. शाळेत फ्रँक यांचे मन फारसे रमले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून काम करू लागले. त्या काळी इंग्लंडमध्ये सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकाचा मोठा बोलबाला होता. गरिबीतून, अपयशांतून, केवळ चिकाटीच्या बळावर वर आलेल्या संशोधकांच्या कथा त्यात होत्या. त्या वाचून अनेक तरुणांप्रमाणे हॉर्नबी यांनाही आपण काहीतरी शोधून काढावे असे वाटू लागले. एकदा चालू केल्यावर कधीच न थांबणारे यंत्र तयार करण्याचाही त्यांनी खटाटोप केला. असे यंत्र निसर्गनियमांतच बसत नाही. त्यामुळे तो प्रयत्न फसणार हे उघडच होते. परंतु या धडपडीत हत्यारे हाताळण्याची सवय मात्र त्यांच्या हाताला लागली.

१८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी, असा त्यांचा संसार होता. १८९९ मध्ये वडील निवर्तले आणि घरचा व्यवसाय बंद पडला. तेव्हा हॉर्नबी यांनी डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. मध्यमवयीन माणूस, परक्याची नोकरी, बेताचे उत्पन्न आणि घरी वाढती मुले, अशी ती परिस्थिती होती.

दिवसभर आकड्यांत बुडालेला हा माणूस संध्याकाळी घरातील छोट्याशा कामाच्या जागेत मुलांसाठी खेळणी तयार करीत बसे. पूल, मालवाहू गाड्या, बंदरावरच्या याऱ्या अशा वस्तूंच्या प्रतिकृती तो पत्र्यातून कापून काढी. मात्र यात एक अडचण होती. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी सर्व भाग नव्याने कापावे लागत. एक यारी पूर्ण होईपर्यंत बापाचे हात भरून येत आणि मुले मात्र चार दिवसांत तिला कंटाळून पुलाची मागणी करीत. यारीचे भाग पुलाला चालत नसत. मग तो पत्रा वाया जाई आणि कापाकापी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

अर्ध्या इंचाचा शोध

या अडचणीवर हॉर्नबी यांनी शोधलेला तोडगा इतका साधा होता की तो आधी कोणाला कसा सुचला नाही, याचे आश्चर्य वाटावे. त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या धातूच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीला बरोबर अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडली. दोन भोकांतील अंतर सर्वत्र सारखेच असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येऊ लागली. भोकातून दांडी घातली की आस तयार होई आणि तिच्यावर चाक बसे. यारी मोडून त्याच भागांचा पूल करता येई आणि पूल मोडून त्याचीच गाडी होई. पूर्वी प्रत्येक खेळणे वेगळे आणि त्याचे भागही वेगळे होते. आता भाग तेच राहिले आणि त्यांतून निघणाऱ्या खेळण्यांना मर्यादा उरली नाही.

ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. मराठवाड्यात मुखेडपासून देगलूर-कंधारपर्यंत ज्वारीच्या पट्ट्यातील मुले पिढ्यान्‌पिढ्या चिपाडांची बैलगाडी करीत आली आहेत. ज्वारीचे वाळलेले ताट सोलायचे, आतील मऊ भेंडाचे तुकडे करायचे आणि वरच्या टणक सालीच्या काड्या खिळ्यांसारख्या त्यांत टोचून साटा, जू आणि चाके जुळवायची, अशी ही पद्धत. तिला ना डिंक लागतो, ना खिळा. बैलगाडी मोडून त्याच काड्यांचा नांगर करता येतो. मोठ्यांच्या जगातील वाहन लहान करून आपल्या ताब्यात घेण्याची मुलांची ओढ सगळीकडे सारखीच आहे. त्या ओढीला मोजमापाची शिस्त लावली आणि ती पेटीत भरून विकता येईल असे पाहिले, हे हॉर्नबी यांचे वेगळेपण होय.

शोध लागला, पण पेटंट घेण्यास पैसे नव्हते. पाच पौंडांची रक्कम त्यांनी आपले मालक एलियट यांच्याकडून उसनी घेतली आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. नोकराच्या या वेडात मालकाला काहीतरी तथ्य दिसले असावे. कारण पुढे एलियट यांनी त्यांना जागा दिली आणि ते या उद्योगात भागीदारही झाले. पेढीची कामे सांभाळून हॉर्नबी आपल्या पट्ट्यांच्या मागे लागले. १९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिला संच बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे भाग आणि बारा प्रतिकृती कशा जुळवाव्यात हे सांगणारी पुस्तिका होती. लिव्हरपूलच्या विद्यापीठीय महाविद्यालयातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेल-शॉ यांनी या संचाचे शैक्षणिक मोल ओळखून त्याला लेखी पाठिंबा दिला. दुकानदारांकडे जाताना हॉर्नबी यांना या पाठिंब्याचा मोठा आधार झाला.

तरीही यश लगेच आले नाही. १९०३ मध्ये सुमारे दीड हजार संच खपले, पण नफा हाती लागला नाही. सुरुवातीचे भाग ओबडधोबड होते आणि ते बाहेरच्या कारखानदारांकडून करून घ्यावे लागत. पहिला नफा दिसण्यास १९०६ साल उजाडले. १९०७ मध्ये मात्र मागणी इतकी वाढली की बाहेरचे पुरवठादार पुरे पडेनात. तेव्हा हॉर्नबी यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा धोका पत्करला. चव्वेचाळिसाव्या वर्षी हिशेबनिसाची नोकरी सोडून त्यांनी लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर स्वतःची जागा घेतली आणि भाग तयार करण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ‘मेकॅनो’ या नावाची नोंदणी झाली आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. एलियट यांनी नव्या कंपनीत न येण्याचा निर्णय घेतला. पाच पौंड उसने देणारा मालक बाजूला झाला आणि त्याचा हिशेबनीस उद्योगाचा धनी झाला.

बिन्स रोडचा कारखाना

यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १९१२ मध्ये थोरले चिरंजीव रोलंड यांच्याकडे पॅरिसमधील शाखेची जबाबदारी आली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. पुढील पासष्ट वर्षे खेळण्यांच्या जगात या रस्त्याचे नाव गाजत राहिले. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ निघू लागले आणि त्याच्या संपादनात हॉर्नबी स्वतः लक्ष घालीत. १९१९ मध्ये मेकॅनो खेळणाऱ्या मुलांच्या मंडळांची संघटना सुरू झाली. गिऱ्हाइकाला केवळ वस्तू न विकता त्याला एका परिवारात सामील करून घ्यावे, ही आज सर्वत्र दिसणारी व्यापारी दृष्टी त्यांना शंभर वर्षांपूर्वी होती.

पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीतून येणारी खेळणी इंग्लंडमध्ये बंद झाली. तोवर खेळण्यांतील आगगाड्यांवर जर्मन कारखान्यांचा मोठा पगडा होता. ही संधी साधून १९२० मध्ये हॉर्नबी यांनी चावीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या आणि पुढे १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडीही आली. १९२६ मध्ये मेकॅनोच्या पट्ट्यांनाही लाल व हिरवा रंग चढला. निकेलच्या चकाकीपेक्षा मुलांना रंग अधिक भुरळ घालतो, हे या बदलाने दाखवून दिले.

मेकॅनो हे निव्वळ खेळणे नव्हते, याची साक्ष विज्ञानाच्या इतिहासातही मिळते. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवघड समीकरणे सोडविणारे एक गणनयंत्र मुख्यतः मेकॅनोचे भाग वापरून उभे केले. १९९६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हॅरी क्रोटो हेही आपल्या जडणघडणीचे श्रेय बालपणीच्या मेकॅनोला देत असत. नट किती आवळला म्हणजे पुरे, हे पुस्तकात शिकता येत नाही, तर बोटांनाच शिकावे लागते.

रुळांच्या कडेची मोटार

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. १९३२ च्या सुमारास मेकॅनो कंपनीने मोटार जुळविण्याचे खास संच काढले. अगोदरच रंगविलेले दरवाजे, मडगार्ड, बॉनेट, चाके असे भाग पेटीत असत. त्यांतून उघडी टूरर, स्पोर्ट्स किंवा बंद टपाची कूपे अशा निरनिराळ्या घडणीच्या गाड्या मुलाला स्वतःच्या हाताने जुळवता येत. आजच्या प्रतिकृती जुळविण्याच्या छंदाचे हे ठळक पूर्वरूप म्हटले पाहिजे.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. हॉर्नबी यांच्या आगगाड्यांभोवती स्टेशन, फलाट, हमाल, प्रवासी अशी सजावट लागे. स्टेशनाबाहेर उभी राहण्यास मोटारीही हव्या होत्या. म्हणून १९३३ मध्ये ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने छोट्या ओतीव गाड्यांचा सहा नगांचा संच आला. त्यात स्पोर्ट्स मोटार, कूपे, मालमोटार, सामान पोचविणारी व्हॅन, ट्रॅक्टर आणि रणगाडा होता. अमेरिकेत टूट्सीटॉय या नावाने अशी ओतीव खेळणी त्याआधीच लोकप्रिय झाली होती. हॉर्नबी यांच्या कंपनीने त्यांचे इंग्रजी रूप आणले आणि एप्रिल १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव दिले.

त्रेचाळीस या आकड्याचे मूळ या आगगाड्यांत आहे. ज्या मापाच्या आगगाड्या हॉर्नबी करीत, त्या मापात मूळ वस्तूच्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरण्याची इंग्रजी पद्धत होती. फुटाचे ३०४.८ मिलिमीटर, त्यांना सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. सुरुवातीच्या डिंकी गाड्या या प्रमाणाला काटेकोर नव्हत्या, पण रुळांच्या शेजारी शोभतील अशा बेताच्या होत्या. पुढे आगगाड्या मागे पडल्या, तरी ते प्रमाण मोटारींना कायमचे चिकटले.

सजावटीसाठी आलेल्या या मोटारींनी थोड्याच काळात मुख्य खेळण्यालाही मागे टाकले. त्या स्वस्त होत्या, खाऊच्या पैशातून घेता येत आणि पेटीतून काढताक्षणी खेळायला तयार असत. हॉर्नबी यांच्या आयुष्यातील विरोधाभास येथेच आहे. मुलाने स्वतः जुळवावे, चुकावे, उलगडावे आणि पुन्हा जुळवावे, या तत्त्वावर ज्याने आपला सारा उद्योग उभारला, त्याच्याच कारखान्यातून ओतून, रंगवून तयार झालेल्या गाड्या हजारोंनी बाहेर पडू लागल्या. जुळविण्याचा आनंद देणारा माणूस जुळविण्याची गरजच नसलेले खेळणेही देऊन गेला.

ठिसूळ धातू, टिकाऊ छंद

१९३१ मध्ये हॉर्नबी हुजूर पक्षातर्फे लिव्हरपूलमधील एव्हर्टन मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. १९३५ च्या निवडणुकीत मात्र ते उभे राहिले नाहीत. प्रकृती साथ देईनाशी झाली होती. हृदयविकार आणि मधुमेह यांनी ते त्रस्त होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूल येथे त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळील मॅगहल या गावात, जेथे त्यांचे वास्तव्य होते, तेथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. ज्या मोटारींमुळे त्यांच्या कंपनीचे नाव पुढील दोन पिढ्यांच्या तोंडी राहिले, त्या मोटारींची भरभराट पाहण्यास त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली.

त्या मोटारींत एक दोष दडला होता. आरंभीच्या गाड्या शिशाच्या होत्या. नंतर त्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतल्या जाऊ लागल्या. हा मिश्रधातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि पोलादी साच्यात बारीकसारीक तपशिलासह उतरतो, म्हणून तो सोयीचा. पण त्यात शिशाचा किंचितही अंश मिसळला तर कालांतराने धातू आतूनच कुजू लागतो. दमट हवेत हे लवकर घडते. वरचा रंग शाबूत असतानाच अंगाला तडे जातात, गाडी फुगते, वाकते आणि अखेर तिचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्या अशा नाहीशा झाल्या. ज्या उरल्या, त्यांना म्हणूनच आज मोल आहे.

उरलेल्या गाड्यांनी छंदिष्टांपुढे एक प्रश्न उभा केला आहे. रंग उडालेली, चाके झिजलेली जुनी गाडी हाती आली की तिचा रंग काढून, आसाची ठोकून बसविलेली टोके कानशीने मोकळी करून, चाके बदलून, पातळ थरांत नवा रंग देऊन ती पुन्हा उभी करावी, असे एका पंथाचे मत. मूळ रंगाला हात लावू नये, कारण तो कितीही खरवडलेला असला तरी गाडीचा इतिहास त्यातच आहे, असे दुसऱ्या पंथाचे मत. बाजारभाव दुसऱ्या पंथाच्या बाजूने आहे. मूळ रंगाची गाडी नव्याने रंगविलेल्या गाडीपेक्षा जवळजवळ नेहमीच महाग विकली जाते आणि मूळ खोका सोबत असेल तर किंमत आणखी चढते. पण आनंदाचा हिशेब निराळा आहे. खोक्यातून कधीही बाहेर न काढलेली गाडी जपणारा मनुष्य संग्राहक ठरतो. ती उलगडून, घासून, रंगवून उभी करणारा मनुष्य मात्र हॉर्नबी यांच्या घरातील त्या संध्याकाळच्या कामाच्या जागेत जाऊन पोहोचतो. तयार मोटारीने हिरावलेले काम त्याने पुन्हा आपल्या हातात घेतलेले असते.

वारसा

कंपनीचे पुढे काय झाले, ही कथा फारशी सुखद नाही. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या दुसऱ्या खेळणी-उद्योगाच्या ताब्यात गेली. १९७१ मध्ये तो उद्योगही कोसळला आणि मेकॅनो एअरफिक्सकडे गेली. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. नावे मात्र निरनिराळ्या मालकांकडे फिरत टिकून राहिली.

या वारशाचा एक धागा भारतातही आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. इंग्लंडमध्ये बंद झालेल्या घडणीच्या मोटारी भारतीय मुलांच्या हाती पडल्या आणि पुढे त्याच गाड्या परदेशी संग्राहक शोधू लागले. भोके पाडलेल्या पट्ट्यांचे ‘मेकॅनिक्स’ संच अनेक मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुटीचे सोबती झाले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. रूळ, सिग्नल, स्टेशन, रस्ता आणि रस्त्यावरची इवलीशी मोटार असे अख्खे शहर तेथे नांदते. आगगाडी आणि तिच्या कडेची मोटार हा हॉर्नबी यांनी जुळविलेला संसार मराठी मातीतही असा रुजला.

हॉर्नबी यांच्या नावावर कोणताही मोठा वैज्ञानिक सिद्धांत नाही. न थांबणारे यंत्र त्यांना साधले नाही. त्यांनी दिला तो भोकांतील अर्ध्या इंचाचा नियम. पण त्या नियमामुळे लहान मुलाला मोठे जग मोडून पुन्हा जुळविता आले. मुखेडच्या शिवारात चिपाडाला काडी टोचणारे पोर आणि शहरातील सदनिकेत रात्री दिव्याखाली इवल्या मोटारीच्या मडगार्डला रंगाचा दुसरा हात देणारा गृहस्थ, या दोघांनाही जे समाधान मिळते, ते विकत घेता येत नाही. परक्याच्या खतावण्या लिहून घरी परतलेल्या त्या हिशेबनिसाला ते छत्तिसाव्या वर्षी गवसले आणि इतरांनाही ते मिळावे, याची सोय त्याने उरलेल्या आयुष्यात करून ठेवली.